कॅव्हेंडिश घराणे आणि चॅट्सवर्थ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे आजोळ रावेर तालुक्यातले. केळीच्या बागांत बालपण गेलेल्या माणसाला 'कॅव्हेंडिश' हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो टिश्यूकल्चर रोपांच्या माहितीपत्रकावर. हे नाव कुणाचे, एवढ्या एका प्रश्नाच्या मागे लागून मी इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातल्या एका घराण्यापर्यंत पोचलो आणि तिथेच रमलो. खालचे प्रश्न मित्रांनी, नातेवाइकांनी आणि मुलांकडे इंग्लंडला जाऊन आलेल्या काका-काकूंनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. काहींची उत्तरे लांबली आहेत. ती मुद्दाम कापलेली नाहीत.

हे घराणे नेमके कोणते?

कॅव्हेंडिश हे त्यांचे आडनाव आणि ड्यूक ऑफ डेव्हनशर हा किताब. सफक परगण्यात कॅव्हेंडिश नावाचे गाव आहे, आडनाव त्या गावावरून आले. आपल्याकडे गावावरून 'कर' लागतो, तसेच हे. घराण्यातला इतिहासाला ठाऊक असलेला पहिला मोठा माणूस म्हणजे सर जॉन कॅव्हेंडिश. हा राजाच्या न्यायालयाचा सरन्यायाधीश होता. १३८१ च्या शेतकरी उठावात जमावाने त्याला ठार मारले. पण आज आपण ज्या वैभवाबद्दल बोलतो त्याचा पाया त्यानंतर दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी घातला गेला.

किताब डेव्हनशरचा, मग वाडा डर्बीशायरमध्ये कसा?

डेव्हन परगणा इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, आणि या घराण्याचा वाडा चॅट्सवर्थ पार मध्यभागी, बेकवेल गावाजवळ, डर्वेंट नदीच्या काठी. किताब देताना कारकुनाने 'डर्बीशायर' ऐवजी 'डेव्हनशर' लिहिले, अशी एक आख्यायिका सांगतात. तिच्यावर फार भर देऊ नये. त्या काळी किताबातले स्थळ आणि जमिनीचे ठिकाण एकच असले पाहिजे असा नियमच नव्हता. डर्बीचा अर्ल आधीच दुसऱ्या घराण्यात होता, ही बाब त्या आख्यायिकेपेक्षा जास्त बोलकी आहे.

मूळ पैसा आला कुठून?

मठांच्या जप्तीतून. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात इंग्लंडमधले ख्रिस्ती मठ बंद करून त्यांच्या जमिनी सरकारजमा केल्या. मठामठांत जाऊन मोजदाद करणे, शरणपत्रे लिहून घेणे हे काम ज्या अधिकाऱ्यांनी केले, त्यांत विल्यम कॅव्हेंडिश होता. या कामात राजाची तिजोरी भरली आणि अधिकाऱ्यांचेही भले झाले. विल्यमला मठांच्या जमिनी मिळाल्या, पुढे तो राजाच्या खजिन्याचा अधिकारी झाला. घराण्याचा इतिहास सांगताना हा भाग झटकन उरकण्याची सवय आहे. मला ती पटत नाही. ज्या जमिनींच्या खंडावर गोरगरिबांना मठाच्या दारात भाकर मिळत असे, त्याच जमिनी या नव्या घराण्यांच्या हाती गेल्या.

बेस ऑफ हार्डविक कोण? सगळे तिचेच नाव का घेतात?

कारण ती नसती तर चॅट्सवर्थ नसते.

एलिझाबेथ हार्डविक, म्हणजे बेस, साधारण १५२७ च्या सुमारास डर्बीशायरमधल्या एका बेताच्या जमीनदाराच्या घरी जन्मली. ती तान्ही असतानाच बाप गेला आणि जमिनीचा ताबा सरकारी देखरेखीखाली गेला. पहिले लग्न अगदी लहान वयात झाले आणि नवरा १५४४ मध्ये वारला. विधवेच्या वाट्यासाठी तिला कोर्टकचेरी करावी लागली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला या वेळी जे कळले ते तिने जन्मभर लक्षात ठेवले: कागदावर नाव नसेल तर बाईच्या हाती काही उरत नाही.

१५४७ मध्ये तिने विल्यम कॅव्हेंडिशशी लग्न केले. तो तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठा, दोनदा विधुर झालेला. त्याच्या जमिनी दक्षिणेत विखुरलेल्या होत्या. त्या विकून तिच्या माहेरच्या मुलखात जमीन घ्यायची असे ठरले, आणि १५४९ मध्ये ६०० पौंडांना चॅट्सवर्थ विकत घेतले. मिळकती दोघांच्या नावे होत्या. विल्यम १५५७ मध्ये वारला तेव्हा त्याच्या सरकारी हिशेबात ५ हजार पौंडांहून जास्त तूट निघाली होती. पदरात सहा मुले, डोक्यावर सरकारी देणे. जमीन विकून मोकळे व्हायचे सल्ले तिला मिळाले असतील. तिने जमीन विकली नाही. तिसरा नवरा सर विल्यम सेंट लो हा राणी एलिझाबेथच्या मर्जीतला होता, त्याच्या काळात ते देणे तडजोडीने मिटले.

चौथे लग्न श्रूझबरीचा अर्ल जॉर्ज टॅलबट याच्याशी झाले. तो तर देशातल्या सर्वांत श्रीमंत सरदारांपैकी एक. या लग्नासोबत आणखी दोन लग्ने लागली: तिची मुलगी मेरी त्याच्या मुलाला दिली आणि त्याची मुलगी ग्रेस तिच्या थोरल्या हेन्रीला केली. आपल्याकडे याला साटेलोटे म्हणतात, आणि मला तर त्यासाठी दुसरा शब्दच सुचत नाही.

बेसच्या हिशेबाच्या वह्या शिल्लक आहेत. पानापानाच्या तळाशी तिची सही आहे. म्हणजे खर्च दुसऱ्याने लिहायचा, पण तो तपासायची ती स्वतः. १५९० मध्ये अर्ल वारला आणि साठी ओलांडलेल्या या बाईने हार्डविकला नवा वाडा बांधायला काढला. तो १५९७ मध्ये पुरा झाला. दगड तिच्याच खाणीतला, शिसे तिचे, काचही तिच्याच भट्टीतली. काच तेव्हा चैनीची वस्तू होती, आणि हार्डविकच्या भिंतीत दगडापेक्षा काच जास्त, अशी म्हणच पडली. बुरुजांच्या माथ्यावर दगडात कोरलेली तिची आद्याक्षरे मैलभरावरून दिसतात. १६०८ मध्ये ती गेली तेव्हा इंग्लंडमध्ये तिच्याहून श्रीमंत बाई क्वचितच होती.

स्कॉटलंडची राणी मेरी इथे खरेच कैदेत होती का?

होय. १५६९ ते १५८४ या काळात, राणी एलिझाबेथच्या कैदेत असताना, तिच्या पहाऱ्याची जबाबदारी बेसचा नवरा श्रूझबरी याच्यावर होती, आणि त्या पंधरा वर्षांत मेरीला अनेकदा चॅट्सवर्थला ठेवले होते. सुरुवातीला बेस आणि मेरी एकत्र बसून भरतकाम करत. त्यांचे काही काम आजही जपलेले आहे. पण राणीचा लवाजमा पोसायचा खर्च अर्लच्या खिशातून जाई. त्या ओझ्याखाली बेसचा संसारही मोडला. मेरी जिथे राहिली तो जुना वाडा आता नाही, मात्र नदीकाठचा 'क्वीन मेरीज बॉवर' हा दगडी चौथरा पाहायला मिळतो.

मग ड्यूकपद कसे मिळाले?

बेसचा थोरला मुलगा हेन्री आईशी बिघडवून बसला. कायद्याने चॅट्सवर्थ त्याच्याकडे गेले होते, पण १६०९ मध्ये त्याने ते धाकट्या विल्यमला विकून टाकले. हा विल्यम १६१८ मध्ये डेव्हनशरचा अर्ल झाला. पहिल्या जेम्स राजाच्या अमदानीत किताब पैशाने मिळत, आणि यासाठी १० हजार पौंड मोजल्याचे सांगितले जाते.

चौथा अर्ल तापट होता. १६८७ मध्ये राजवाड्यातच त्याने कर्नल कल्पेपर नावाच्या माणसावर हात उचलला. त्याला ३० हजार पौंड दंड झाला. तो न भरता तो सरळ डर्बीशायरला निघून आला आणि चॅट्सवर्थची दक्षिण बाजू पाडून नव्याने बांधायला घेतली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या जेम्स राजाविरुद्ध हॉलंडच्या विल्यमला बोलावणारे जे गुप्त पत्र गेले त्यावर सात जणांच्या सह्या होत्या, त्यांतली एक याची. राजा बदलला, दंड उडाला, आणि १६९४ मध्ये अर्लचा ड्यूक झाला. आज जो सोनेरी झळाळीचा वाडा दिसतो तो मुख्यतः याने १७०७ पर्यंत उभारलेला.

ड्यूक, मार्क्वेस, अर्ल यांत मोठा कोण?

ड्यूक सर्वांत वर, मग मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि शेवटी बॅरन. या घराण्यात ड्यूकच्या थोरल्या मुलाला मानाने 'मार्क्वेस ऑफ हार्टिंग्टन' म्हणतात आणि नातवाला 'अर्ल ऑफ बर्लिंग्टन'. म्हणून जुन्या कागदांत एकच माणूस वेगवेगळ्या वयात वेगवेगळ्या नावांनी भेटतो आणि वाचणारा गोंधळतो.

सगळे थोरल्यालाच जाते का? धाकट्यांचे काय?

किताब आणि मुख्य जमीन थोरल्या मुलाला. आपल्या वतनदार घराण्यांत थोरली पाती, धाकटी पाती अशा वाटण्या होत गेल्या, चार पिढ्यांत वाड्याच्या चार भिंतींना चार मालक झाले आणि भाऊबंदकी कोर्टात गेली. इंग्लंडमधल्या सरदारांनी हे टाळले ते धाकट्यांचा आणि मुलींचा हक्क मारून. दस्तच असे करत की आत्ताचा मालक फक्त हयातीपुरता धनी असे, त्याला विकायची मोकळीक नसे. चॅट्सवर्थ एकसंध राहिले याचे कारण हे आहे. वाडा पाहून डोळे दिपतात तेव्हा हक्क मारल्या गेलेल्या त्या लेकीसुनांचीही आठवण ठेवावी असे मला वाटते.

धाकट्यांना वार्षिक नेमणूक मिळे. त्यांतले काही सैन्यात, काही पार्लमेंटात, काही चर्चमध्ये गेले. एका धाकट्याच्या घरी मात्र वेगळेच निपजले. दुसऱ्या ड्यूकच्या मुलाचा मुलगा हेन्री कॅव्हेंडिश, जन्म १७३१. ना किताब, ना वाडा. अतिशय लाजाळू, अनोळखी माणसाशी बोलताना जीभ अडखळणारा. १७६६ मध्ये त्याने ज्वालाग्राही वायूवरचे संशोधन मांडले, तो वायू म्हणजे हायड्रोजन. १७९७-९८ मध्ये शिशाचे गोळे टांगून, त्यांच्यातले अतिसूक्ष्म आकर्षण मोजून त्याने पृथ्वीची घनता काढली. त्याचा आकडा आजच्या मापाशी जवळजवळ जुळतो. माझ्या लेखी घराण्यातला सर्वांत मोठा माणूस हाच.

लॉर्ड बेंटिंक या घराण्यातला, हे खरे का?

खरे. १८२९ मध्ये सतीबंदीचा कायदा करणारा गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक, पूर्ण आडनाव कॅव्हेंडिश-बेंटिंक. त्याची आई डोरोथी ही चौथ्या ड्यूक ऑफ डेव्हनशरची मुलगी. आणि वडिलांकडूनही रक्त तेच, कारण बेसच्या तिसऱ्या मुलाची, चार्ल्सची शाखा पुढे लग्नांतून पोर्टलंडच्या ड्यूककडे गेली होती. पुढे १८८० ते १८८२ या काळात लंडनमध्ये भारतमंत्री असलेला लॉर्ड हार्टिंग्टन म्हणजे नंतरचा आठवा ड्यूक. दहावा ड्यूक दुसऱ्या महायुद्धात भारत व ब्रह्मदेश खात्याचा उपमंत्री होता. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात ही नावे सुटी सुटी येतात, घर मात्र एकच.

इतक्या एस्टेटी जमल्या कशा?

खरेदी थोडी, लग्ने जास्त. त्यांतही एक लग्न सर्वांवर भारी. १७४८ मध्ये पुढे चौथा ड्यूक झालेल्या विल्यमने शार्लट बॉइलशी लग्न केले. ती सोळा वर्षांची, बर्लिंग्टनच्या अर्लची वारस. तिच्यामागून लंडनचे बर्लिंग्टन हाउस, चिझिकचा वाडा, यॉर्कशायरमधले बोल्टन ॲबी आणि लंड्सबरो, आयर्लंडमधला लिझमोरचा किल्ला, एवढे या घराण्यात आले. ती १७५४ मध्ये वारली. सासरा अजून जिवंत होता, त्यामुळे 'डचेस' हा किताब तिला कधीच लागला नाही. तिचा नवरा १७५६-५७ मध्ये काही महिने पंतप्रधान होता.

जमिनीखालूनही पैसा आला. डर्बीशायरमध्ये शिशाच्या खाणी, आणि शेजारच्या स्टॅफर्डशायरमध्ये एक्टनची तांब्याची खाण. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एक्टनने पाचव्या ड्यूकला अमाप नफा दिला. बक्स्टन या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावातली अर्धवर्तुळाकार 'क्रेसेंट' इमारत त्याच काळातली. १८७० च्या दशकात जमिनींची नोंद झाली तेव्हा इंग्लंड आणि आयर्लंड मिळून ड्यूकच्या नावे सुमारे २ लाख एकर जमीन होती.

जॉर्जियाना ही राजकन्या डायनाची कोण?

डायना स्पेन्सर घराण्यातली, जॉर्जियानाही त्याच घराण्यातली. डायना तिच्या भावाच्या वंशातली, म्हणजे जॉर्जियाना तिची दूरची पणजी-आत्या म्हणा. १७७४ मध्ये सतराव्या वाढदिवशी तिचे पाचव्या ड्यूकशी लग्न झाले. तिच्या टोप्या, तिचे जुगाराचे कर्ज, घरात राहणारी नवऱ्याची दुसरी बाई, हे सगळे चघळून झाले आहे. मला महत्त्वाचे वाटते ते १७८४ चे. मताचा हक्क नसलेली ही बाई वेस्टमिन्स्टरच्या निवडणुकीत व्हिग पक्षाचा उमेदवार चार्ल्स फॉक्स याच्यासाठी गल्लोगल्ली फिरली, कसायांच्या आणि कारागिरांच्या दुकानांत गेली. व्यंगचित्रकारांनी तिची यथेच्छ बदनामी केली. फॉक्स निवडून आला.

पॅक्स्टन कोण? बागेच्या प्रत्येक फलकावर हे नाव आहे.

जोसेफ पॅक्स्टन हा एका शेतकऱ्याचा मुलगा. चिझिकला बागायत संस्थेच्या बागेत कामाला होता. शेजारीच सहाव्या ड्यूकचा वाडा. येता-जाता ड्यूकची आणि त्याची गाठ पडे. ड्यूकला ऐकू कमी येई आणि हा मुलगा त्याच्याशी स्पष्ट, सावकाश बोले. १८२६ मध्ये ड्यूकने तेवीस वर्षांच्याही आतल्या या पोराला चॅट्सवर्थचा मुख्य माळी नेमले.

पहिल्या दिवसाची हकीकत पॅक्स्टनने स्वतःच लिहून ठेवली आहे. पहाटे साडेचारला तो पोचला. दारे बंद, म्हणून भिंत चढून आत उतरला. बागेची फेरी मारली, सहाला गडी कामाला लावले, पाण्याचे खेळ सुरू करवून पाहिले. मग वाड्याच्या मुख्य कारभारणीकडे न्याहारीला गेला आणि तिथे तिच्या भाचीवर, सारावर, जीव जडला. नऊ वाजायच्या आत हे सगळे झाले. त्यांचे लग्न झाले. तो प्रवासात असताना बागेचा आणि घरचा कारभार साराच पाहत असे.

पुढच्या तीस वर्षांत या दोघांनी, म्हणजे ड्यूक आणि माळ्याने, जे केले त्याला तोड नाही. १८३६ ते १८४१ या काळात उभारलेले महाकाय काचघर २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद आणि ६७ फूट उंच होते. आतून घोडागाडी जाऊ शके. रशियाचा झार येणार म्हणून १८४४ मध्ये टेकडीवर आठ एकरांचे तळे खणून, तिथून नळ खाली आणून कारंजे उभारले. त्याचा फवारा २९६ फुटांपर्यंत गेल्याची नोंद आहे. पंप नाही, काही नाही, फक्त पाण्याची उंची. झार आलाच नाही. कारंज्याचे नाव मात्र 'एम्परर' राहिले.

१८४९ च्या नोव्हेंबरात त्याने ॲमेझॉनच्या राक्षसी कमळाला इंग्लंडमध्ये पहिल्यांदा फूल आणले. पानाखालच्या शिरांची जाळी इतकी भक्कम की त्याने आपल्या लहान मुलीला पानावर उभे केले आणि पान बुडाले नाही. त्या कमळासाठी बांधलेल्या काचघरातून पुढे १८५१ च्या जागतिक प्रदर्शनाचा 'क्रिस्टल पॅलेस' निघाला. पंजाब खालसा झाल्यावर विलायतेला नेलेला कोहिनूर लोकांनी पाहिला तो याच माळ्याने आखलेल्या काचेच्या छताखाली.

आणि केळी? जळगावची केळी चॅट्सवर्थहून आली का?

नाही. हे स्पष्ट सांगतो, कारण अर्धवट गोष्ट फार पसरली आहे.

ही बुटकी केळ मूळची दक्षिण चीनकडची. तिची रोपे मॉरिशसमार्गे इंग्लंडला आली आणि त्यांतले एक पॅक्स्टनने मिळवले. काचघरात उब देऊन, खत घालून त्याने ते वाढवले. १८३५ च्या नोव्हेंबरात ते निसवले आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत घडावर शंभराहून जास्त केळी पिकली. मालकाच्या घराण्याचे नाव तिला मिळाले. पुढे मिशनरी जॉन विल्यम्सने तिची रोपे सामोआला नेली आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवर ती पसरली.

आपली बसराई याच कॅव्हेंडिश गटातली. खानदेशात तिच्याबरोबर 'श्रीमंती' हे वाण होते, आणि आता बहुतेक शिवारांत ग्रँड नैन, म्हणजे आपल्या बोलीतली 'जी-नाइन', तीही याच गटातली. या गटाच्या केळी आशियातून वेगवेगळ्या वाटांनी सगळीकडे गेल्या. त्यामुळे चॅट्सवर्थने आपल्याला वाण दिले असे नाही. गटाचे नाव तेवढे तिथले. २०१६ मध्ये 'जळगाव केळी'ला भौगोलिक मानांकन मिळाले.

या नावाला जागतिक वजन आले ते मात्र रोगामुळे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निर्यातीचे केळ म्हणजे 'ग्रो मिशेल'. पनामा मर रोगाने लॅटिन अमेरिकेतल्या तिच्या बागा उभ्या वाळल्या, कॅव्हेंडिश त्या रोगाला टिकली, म्हणून तिने जागा घेतली. आता त्याच बुरशीचा नवा प्रकार, टीआर-४, कॅव्हेंडिशलाही मारतो. या केळीला बी नाही. कंद, मुनवे किंवा प्रयोगशाळेतले ऊतक यांतूनच पुढचे झाड येते, म्हणजे सगळी झाडे जवळजवळ एकाच रक्ताची. एकाला जे मारेल ते सगळ्यांना मारेल. बांधावर उभे राहून ही गोष्ट आठवली की पोटात गोळा येतो.

चॅट्सवर्थने भारतातून झाडे नेली होती का?

भरपूर. १८३५ मध्ये ड्यूकने जॉन गिब्सन या तरुण माळ्याला कलकत्त्याला पाठवले. तिथल्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख वॉलिच याच्या मदतीने तो खासी टेकड्यांत, चेरापुंजीच्या बाजूला फिरला आणि १८३७ मध्ये ऑर्किडांनी भरलेल्या पेट्या घेऊन परतला. मोहिमेचा मुख्य उद्देश होता ॲमहर्स्टिया, म्हणजे आपण जिला 'उर्वशी' म्हणतो ते लोंबत्या लाल तुऱ्यांचे ब्रह्मदेशी झाड. मुंबईच्या राणीच्या बागेत ते फुललेले ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ड्यूकचा हट्ट समजेल.

केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा यांचीच का?

सातव्या ड्यूकने, विद्यापीठाचा कुलपती असताना, बांधकामाचा खर्च दिला. १८७४ मध्ये ती सुरू झाली. जे. जे. थॉमसनने १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला तो तिथेच, आणि आपल्या होमी भाभांनी उमेदवारीच्या काळात तिथे काम केले. याच सातव्या ड्यूकने बॅरो-इन-फर्नेसच्या लोखंड-पोलाद कारखान्यांत आणि गोदीत पैसा गुंतवला, ईस्टबोर्न हे समुद्रकाठचे शहर वसवले, आणि तरी कर्ज मागे ठेवून गेला.

२ लाख एकर गेले कुठे?

वारसाकरात, कर्जात आणि काळाच्या रेट्यात.

आठवा ड्यूक १९०८ मध्ये निपुत्रिक वारला. पुतण्याने वारसाकर आणि जुनी कर्जे फेडण्यासाठी इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन याने छापलेली दुर्मीळ पुस्तके आणि जुन्या नाटकांचा संग्रह अमेरिकेतल्या हंटिंग्टन या संग्राहकाला विकला. लंडनमधले डेव्हनशर हाउस विकले गेले आणि १९२४ मध्ये पाडले. चिझिक १९२९ मध्ये गेले. पॅक्स्टनचे ते महाकाय काचघर पहिल्या महायुद्धात कोळशाअभावी थंड पडले, आतली झाडे मेली, आणि १९२० मध्ये ते सुरुंग लावून पाडावे लागले. एका प्रयत्नात पडले नाही. इतके पक्के होते.

खरा घाव १९५० चा. त्याआधी १९४४ मध्ये दहाव्या ड्यूकचा थोरला मुलगा बिली, अमेरिकेच्या केनेडी घराण्यातल्या कॅथलीनशी लग्न करून चार महिने होतात न होतात तोच बेल्जियममध्ये लढाईत मारला गेला. मग धाकटा अँड्र्यू वारस झाला. दहाव्या ड्यूकने बहुतेक मालमत्ता आधीच न्यासाकडे केली होती. तेव्हा नियम असा होता की त्यानंतर देणारा पाच वर्षे जगला तर कर लागत नसे. १९५० च्या नोव्हेंबरात लाकडे फोडताना त्याला झटका आला. मुदतीला चौदा आठवडे उरले होते. ८० टक्के दराने कर बसला, सुमारे ७० लाख पौंड.

अँड्र्यूने हजारो एकर जमीन विकली. मेमलिंगचे चित्र नॅशनल गॅलरीत गेले, हॉल्बाइनने काढलेले आठव्या हेन्रीचे मोठे रेखाचित्र नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत. आणि बेसचे हार्डविक करापोटी सरकारला देऊन टाकले, तिथून १९५९ मध्ये ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आले. देणे फिटायला १९६७ उजाडले, व्याज त्यानंतरही चालू होते. तिने जे कर्जातही विकले नव्हते त्या मुलखातला तिचा स्वतःचा वाडा असा गेला. हा भाग लिहिताना माझा हात जड होतो. आणि तरीही सांगतो, आज कुणीही तिकीट काढून हार्डविकच्या त्या उंच खिडक्यांखाली उभा राहू शकतो, ते या करामुळेच.

सामान्य लोकांना या जमिनींवर फिरता येई का?

बराच काळ नाही. किंडर स्काउट हे उंच माळरान ड्यूकच्या शिकारीसाठी राखलेले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर-शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांतल्या शेकडो तरुणांनी बंदी मोडून तिथे चढाई केली. पाच जणांना तुरुंगवास झाला. २००२ मध्ये, सत्तराव्या वर्षी झालेल्या कार्यक्रमात अकराव्या ड्यूकने, म्हणजे त्याच अँड्र्यूने, आजोबांच्या त्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा, समोर जुने बंडखोर. मला हा प्रसंग घराण्यातल्या कुठल्याही चित्रापेक्षा मोलाचा वाटतो.

आज मालक कोण?

वाडा, बाग आणि परिसर १९८१ पासून धर्मादाय न्यासाकडे भाडेपट्ट्याने आहे. ड्यूकचे कुटुंब तिथे भाडे भरून राहते. अकराव्या ड्यूकच्या पत्नी डेबोरा यांनी १९७० च्या दशकात एस्टेटच्याच मालाचे दुकान काढले, शहरी मुलांना गाईचे दूध काढताना दाखवणारा गोठा सुरू केला. सुरुवातीला अनेकांनी नाके मुरडली. त्याच पैशावर वाड्याची कौले शाबूत राहिली.

पाहायला गेलो तर काय चुकवू नये?

शेफील्डहून बसने जाता येते. वाड्याला चार तास द्या, पण निघण्याआधी बागेबाहेर पडून एडन्सरला चालत जा. लिहितात एडन्सर, म्हणतात 'एन्झर'. दृश्यात अडथळा येतो म्हणून ड्यूकांनी जुने गाव हलवून पॅक्स्टनच्या देखरेखीखाली नवे वसवले, दोन घरे एकसारखी नाहीत. चर्चच्या मागे चढावर स्मशानभूमी आहे. सर्वांत वरच्या बाजूला ड्यूक आणि डचेस यांच्या साध्या, बुटक्या शिळा गवतात आहेत. तिथेच कॅथलीनची कबर. अध्यक्ष केनेडी १९६३ च्या जूनमध्ये, स्वतः मारले जाण्याच्या काही महिने आधी, बहिणीच्या त्या कबरीपाशी येऊन गेले. आणि खाली चर्चजवळ जे भलेमोठे, कोरीव थडगे पाहून कुणा ड्यूकचे असेल असे वाटते, ते जोसेफ पॅक्स्टनचे आहे.